किती खणांचं घर?

"किती खणांचं आहे?"

फोनच्या पडद्यावर आई दिसली आणि तिने पहिला प्रश्न हा विचारला. दक्षिण इंग्लंडातल्या ससेक्समध्ये, सिंगलटन गावाजवळच्या एका ओल्या उतारावर मी उभी होते. फेब्रुवारीचा पाऊस नुकता थांबला होता. माझ्या मागे सहाशे वर्षांपूर्वीचं एक शेतकऱ्याचं घर होतं आणि ते तिला दाखवायची मला घाई झाली होती. कोणाचं, किती जुनं, किती खोल्यांचं, यातलं काहीच तिने विचारलं नाही. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. ती ज्या घरात जन्मली तिथे घर असंच मोजत.

मी आत जाऊन खांबांच्या जोड्या मोजत चालत गेले. खालच्या अंगाला एक खण, मधल्या मोठ्या दालनाचे दोन, वरच्या अंगाला एक.

"चार," मी म्हटलं.

"आमचं पाच होतं," आई म्हणाली.

इंग्लंडातले जुने सुतारही घर असंच मोजत, हे मला नंतर समजलं. त्यांचा शब्द 'बे'. दोन चौकटींमधलं अंतर तो एक बे. खोल्या काय, मधे पडदी घातली की वाढतात. घर खरं किती मोठं आहे ते खांब सांगतात.

या घराचं नाव बे-लीफ फार्महाउस. ते मुळात इथलं नाही. केंट परगण्यातल्या चिडिंगस्टोनच्या हद्दीत ते उभं होतं. १९६०च्या दशकात तिथल्या बाउ बीचच्या खोऱ्यात पाणीपुरवठ्यासाठी जलाशय करायचं ठरलं आणि घर बुडितात आलं. त्याच सुमाराला रॉय आर्मस्ट्राँग नावाचे एक इतिहासाचे अभ्यासक ससेक्समध्ये जुन्या घरांचं संग्रहालय उभं करण्यासाठी धडपडत होते. क्रॉलीचं नवं शहर वसवताना मध्ययुगातली लाकडी घरं पाडली गेलेली त्यांनी पाहिली होती आणि ते त्यांच्या जिवाला लागलं होतं. पाणी कंपनीने बे-लीफ संग्रहालयाला देऊन टाकलं. १९६८-६९मध्ये ते लाकूड-लाकूड सुटं झालं आणि १९७२मध्ये इथे, डाउन्सच्या टेकड्यांच्या कुशीत पुन्हा उभं राहिलं. वील्ड अँड डाउनलँड या नावाच्या या संग्रहालयात आज पन्नासच्या आसपास इमारती आहेत. त्यातल्या कितीतरी अशाच, दुसरीकडून सुटून आलेल्या.

मी साउथॅम्प्टनला राहते. इथे यायचं बरेच दिवस मनात होतं, पण 'बुडितात आलेलं घर' हे शब्द वाचले त्याच आठवड्यात निघाले. माझं आजोळ सह्याद्रीतल्या एका धरणाखाली आहे. आई तेव्हा आठ वर्षांची होती.

घर समोरून पाहिलं की आधी छप्पर डोळ्यांत भरतं. एकच मोठं, उतरतं, मातीच्या चपट्या कौलांचं. ही कौलं आपल्या मंगळुरी कौलांसारखी एकमेकांत अडकत नाहीत. प्रत्येकाला वरच्या कडेला भोकं असतात. त्यांतून ओकची छोटी खुंटी घालून कौल रिपेला टांगायचं. छपराखाली दोन्ही टोकांना माडी आहे आणि ती भिंतीच्या पुढे हातभर आलेली आहे. मधल्या दालनाला मात्र माडी नाही, त्यामुळे ती भिंत मागे राहते. पण छपराची कड सरळ एका रेषेतच जाते आणि मधल्या भागापुढे वळचण अधांतरी उरते. तिला दोन्हीकडून बाकदार लाकडांनी तोलून धरलं आहे. खाली सावलीचा एक पट्टा पडतो. वील्ड म्हणजे केंट आणि ससेक्समधला जुना जंगलपट्टा. तिथे ही घडण इतकी रुजली की अशा घरांना 'वील्डन' घरं असंच नाव पडलं.

यातला दालनाचा आणि खालच्या अंगाचा भाग १४०५ ते १४३० यांच्या दरम्यानचा आहे, हे लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून काढलेलं आहे. वरच्या अंगाचा खण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १३४८-४९च्या प्लेगने इंग्लंडातली माणसं एवढी नेली होती की उरलेल्यांच्या हाताला किंमत आली आणि जमीन सहज मिळू लागली. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत या भागातला शेतकरी खाऊनपिऊन सुखी झाला आणि त्याने अशी घरं बांधली. हे सरदाराचं घर नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. राजवाडे आणि चर्चं सगळीकडे टिकतात. नांगर धरणाऱ्याचं घर सहाशे वर्षं टिकलेलं पाहायला मिळणं दुर्मीळ.

दारातून आत गेलं की आधी एक आडवी वाट लागते, समोर दुसरं दार. समोरासमोरची ही दोन दारं म्हणजे घराची वेस. वाटेच्या एका बाजूला दोन छोट्या कोठ्या, एक पेयांची आणि एक पावाची. दुसऱ्या बाजूला ते दालन.

मी दालनात पाय ठेवला आणि मान आपोआप वर गेली. वर काहीच नाही. माळा नाही, तक्तपोशी नाही, थेट छपराच्या पोटापर्यंत मोकळं. आणि जमिनीवर, मातीच्या भुईवर, दालनाच्या मधे, उघडा विस्तव. चिमणी नाही. धूर सरळ उठतो, तुळईच्या वर पसरतो, तिथे रेंगाळतो आणि कौलांच्या फटींतून, कोनातल्या झरोक्यांतून हळूहळू बाहेर जातो. विस्तवाशी संग्रहालयाच्या एक स्वयंसेविका बसल्या होत्या, जुन्या पद्धतीचा लोकरी झगा घालून. माझे डोळे चुरचुरायला लागलेले पाहून त्यांनी ठेंगण्या बाकाकडे हात केला. बसले, आणि दोन मिनिटांत डोळे निवले. धूर डोक्याच्या उंचीवर तरंगत होता, खाली हवा स्वच्छ होती. आजी चुलीपुढे पाटावर बसायची आणि आम्ही उभे राहून खोकत असू, तेव्हा ती "बसा खाली" म्हणायची, ते का, हे मला चाळिशीत एका इंग्रज घरात कळलं.

फोन अजून चालूच होता. मी तो वर धरला.

"आढं काळं आहे?" आईने विचारलं.

मी शोधायला लागले. वासे काळे होते, काजळी चढून चकचकीत झालेले. पण आढं मला सापडेना. दोन्ही बाजूंचे वासे शेंड्याशी एकमेकांत अडकवलेले, जोडीजोडीने, हात जोडल्यासारखे. त्यांच्यावरून जाणारं लांब लाकूड नाहीच. मी स्वयंसेविकाबाईंना विचारलं. नाहीच, त्या म्हणाल्या, या छपरांना ते नसतं.

आईला हे पटेना. आपल्याकडे सगळं घर आढ्यावर. आढं चढवायचं त्या दिवशी नारळ फुटतो. आढ्याविना छप्पर उभं कसं राहतं?

ते राहतं असं. दालनाच्या मधोमध एक जाडजूड तुळई आडवी गेली आहे, खाली दोन्हीकडून कमानदार लाकडांनी पेललेली. तुळईच्या मध्यावर एक बुटका खांब उभा आहे. त्याला 'क्राउन पोस्ट' म्हणतात. या खांबाच्या डोक्यावर, छपराच्या शेंड्याच्या बरंच खाली, घराच्या लांबीभर एक दांडी जाते. वाशांच्या प्रत्येक जोडीला मधेच जोडणारं जे आडवं लाकूड असतं, ते या दांडीवर टेकतं. खांबापासून तिरपे, बाकदार धिरे निघून दांडीला आणि आडव्या लाकडांना धरतात. म्हणजे वाशांच्या जोड्या आपापल्या पायांवर उभ्या असतात, त्या पत्त्यांसारख्या एका बाजूला कलंडू नयेत एवढंच काम त्या दांडीचं. मी हे सगळं आईला बोटाने दाखवत होते. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे कंबरेत धरलंय." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

कंबरेत धरणाऱ्या त्या सुताराचा मी तेव्हापासून विचार करते आहे.

तो ओक वापरायचा, पण वाळवलेला नाही, ओला. वाळलेला ओक दगडासारखा होतो, हत्यार चालत नाही. ओलं लाकूड कापायचं, एका टोकाला कुसू काढायचं, दुसऱ्यात त्या मापाची खाच पाडायची, दोन्हींतून आरपार भोक घ्यायचं आणि वाळलेल्या ओकची खुंटी ठोकायची. त्यातही एक युक्ती. कुशातलं भोक खाचेच्या भोकाशी बरोबर जुळवायचं नाही, किंचित आत सरकवायचं. मग खुंटी ठोकताना ती वाकून जाते आणि सांधा स्वतःकडे ओढून घेते. पुढे वर्षानुवर्षं लाकूड वाळतं, आकसतं, पीळ घेतं आणि मिठी आणखी घट्ट होते. चौकटीचे सांधे जोडायला लोखंडाचा एक खिळाही लागत नाही.

खांबांत मी एक गोष्ट पाहिली आणि हरखून गेले. खांब वरच्या टोकाला जाड असतात, कारण तिथे तुळई, लांबीची पट्टी असं सगळं एकाच ठिकाणी येऊन बसायचं असतं. एवढी जाडी कुठून आणायची? झाड बुंध्याशी फुगीर असतं. म्हणून खांब उफराटा उभा करायचा, बुंधा वर, शेंडा खाली. घरातले मोठे खांब म्हणजे डोक्यावर उभी राहिलेली झाडं.

आणि झाडं तरी किती मोठी? मला वाटायचं, अशा घरासाठी पुराणवृक्ष तोडत असतील. जंगलांचा इतिहास शोधणारे ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफक परगण्यातल्या स्टँटन गावचं एक लाकडी शेतघर असं तपासलं. हिशेब सुमारे ३३० झाडांचा निघाला आणि त्यांतली निम्मी तर वीतभर जाडीचीसुद्धा नव्हती. तरणी झाडं. ती तोडली तरी खोडातून पुन्हा फुटणारं, गावाने राखलेलं रान त्यामागे असतं. एक झाड, एक लाकूड. फारसं चिरायचं नाही, चारी बाजूंनी तासायचं आणि बाक असेल तर तो बाक कुठे कामी येईल ते बघायचं. ते बाकदार धिरे वाकवलेले नाहीत. तसेच वाढलेले आहेत.

भिंतींबद्दल मात्र आईला काही समजावून सांगावं लागलं नाही. लाकडाच्या चौकटीत उभ्या काठ्या रोवायच्या, त्यांच्यात हेझलच्या ओल्या फोका किंवा ओकच्या चिरफळ्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, चिरलेलं गवत आणि शेण मळून लिंपायचं. "कूड," आई म्हणाली. कूडच. आमच्या खोऱ्यात तो कारवीचा असायचा, इथे हेझलचा. "शेण घालतात?" तिने दोनदा विचारलं. घालतात, म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरणार नाही. आजवर माझं इथलं सगळं तिला परकं होतं, माझं ऑफिस, माझी गाडी, माझं स्वयंपाकघर. त्या दिवशी पहिल्यांदा इंग्लंड तिच्या ओळखीचं झालं.

खिडक्यांना काचा नाहीत. ओकचे चौकोनी दांडे कोन पुढे करून उभे बसवले आहेत आणि आतून लाकडी झडपा. वारा येतो, उजेड येतो, थंडी तर येतेच. इंग्रजीतला खिडकीचा शब्द मूळचा जुन्या नॉर्स भाषेतला. त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. आपल्याकडे एक शब्द वातायन, वाऱ्याची वाट. आणि दुसरा गवाक्ष, गाईचा डोळा. काच नसलेल्या त्या खिडकीपुढे उभं राहिल्यावर हे शब्द कुठून आले ते गालाला लागतं.

दालनाच्या वरच्या अंगाला उंच खिडकी आहे आणि भिंतीला टेकून लांब बाक. तिथे घरधनी बसायचा, पाठीशी भिंत, बाजूने उजेड. वाटेच्या अंगाने गडीमाणसं यायची. 'वरचं अंग', 'खालचं अंग' हे शब्द इंग्रजीतही असेच आहेत. त्या भिंतीपलीकडे एक खोली आणि तिच्यावर माडीवरची निजायची खोली. तिला लागून, भिंतीबाहेर काढलेला एक लहानसा शौचकूप. घर १५४०च्या सुमाराचं म्हणून मांडलेलं आहे. पेट्या, बाकं, पलंग, सगळं जुन्या वस्तू पाहून नव्याने केलेलं. मागे परसात कांदापात, लीक, केलसारखी पालेभाजी लावलेली. त्याबद्दल मी फार सांगत नाही. मला लाकडांनी धरून ठेवलं होतं.

याच आवारात पेंडीन नावाचं दुसरं फार्महाउस आहे, मिडहर्स्टजवळून आणलेलं, १६०९च्या सुमाराचं. दोन्ही घरं एका दिवसात पाहावीत. पेंडीनच्या पोटात विटांची मोठी चिमणी आहे. विस्तव तिच्यात गेला, धूर भिंतीतून वर निघाला आणि मधलं मोकळं दालन नाहीसं झालं. त्या जागी वर आणखी एक खोली मिळाली. सोळाव्या-सतराव्या शतकांत गावोगाव असंच घडत गेलं. एसेक्समध्ये विल्यम हॅरिसन नावाचा एक धर्मगुरू होता. त्याने १५७७ साली लिहून ठेवलं आहे की गावातली म्हातारी माणसं नवलाच्या तीन गोष्टी सांगतात. त्यांतली पहिली, आजकाल केवढ्या चिमण्या झाल्या! धूर होता तेव्हा घराची लाकडं कणखर राहत आणि माणसं सर्दी-पडशाने हैराण होत नसत, असंही त्याने नोंदवलं आहे. आजीही धुराला वाईट म्हणत नसे. मक्याच्या बियाण्याची कणसं ती चुलीवरच टांगायची, किडू नयेत म्हणून.

बे-लीफमध्येही पुढे कधीतरी विटांची चिमणी आली होती आणि दालनावर मजला पडला होता. शेकडो वर्षं माणसं तशा घरात राहिली. संग्रहालयाने पुन्हा उभारताना ते सगळं वगळलं, गेलेली लाकडं नवी घातली आणि घर मागे नेलं. हे समजलं तेव्हा मला त्रास झाला. चिमणी बांधणाऱ्याची काय चूक? मजल्यावर जन्मलेल्या मुलांचं काय? घर म्हणजे काय फक्त पहिला मालक? मी दालनात परत गेले आणि बराच वेळ बसले. मग वाटलं, चिमणीची घरं इंग्लंडात जागोजागी आहेत, लोक त्यांत आजही राहतात. असं चिमणीच्या आधीचं घर, विस्तवासह, धुरासह, मला कुठे बसायला मिळालं असतं? आणि चिमणीनंतरही वरचे वासे काळेच राहिले होते. जुनी घरं तपासणारे लोक आधी माळ्यावर चढून हेच पाहतात. छताच्या वर काजळी सापडली की समजायचं, खाली कधीकाळी उघडा विस्तव होता. माझी तक्रार पूर्ण मिटली नाही. पण त्या बाकावरून उठावंसंही वाटलं नाही.

निघताना स्वयंसेविकाबाईंनी मला सुतारखुणांबद्दल सांगितलं. सांध्याशेजारी छिन्नीने मारलेल्या रेघा, रोमन आकड्यांसारख्या. मध्ययुगात घर जागेवर घडत नसे. सुतार आधी आपल्या आवारात सगळी चौकट जमिनीवर आडवी मांडून जुळवायचा, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच खूण मारायचा, मग सगळं सुटं करून गाड्यांतून न्यायचा आणि जागेवर उभं करायचा. चारला बहुतेक चार रेघाच, कारण उलटं धरलं तरी चुकू नये. म्हणजे असं घर एकदा सुटं होऊन, प्रवास करूनच उभं राहिलेलं असतं. १९६८ साली ज्यांनी बे-लीफ उतरवलं त्यांनी त्याच सुताराचा धडा पुन्हा गिरवला. फक्त आता मापं घेतलेले नकाशे होते, फोटो होते, लाकडागणिक क्रमांक होते.

मी हे आईला सांगितलं आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाबांनीपण केल्या होत्या खुणा."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. पाणी चढायच्या आधीच्या उन्हाळ्यात आजोबांनी घर उतरवलं. कौलं, रिपा, वासे, आढं, तुळया, सगळ्यात शेवटी खांब. सुताराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून ते आणि त्यांचे भाऊच. कोणतं लाकूड कुठलं ते कळावं म्हणून त्यांनी कोळशाने खुणा केल्या. ट्रक मिळायला महिना गेला. लाकडं रस्त्याकडेला रचलेली होती आणि वळवाचा पाऊस आला. खुणा धुऊन गेल्या. नव्या जागी, सपाट मुलखात, शंभर कोसांवर, जेवढं जुळलं तेवढं उभं केलं. तीन खण झाले. वर पत्रा घातला. कूड नाही, कारण तिथे कारवी नव्हती. उरलेल्या लाकडांचं काय झालं, मी विचारलं. काही जळणाला गेली, काही विकली, आई म्हणाली. एक तुळई गोठ्यात आहे. म्हशी तिला बांधतात.

बाउ बीचचा जलाशय मी अजून पाहिलेला नाही. जाणार आहे.

रात्री मी मामेभावाला निरोप पाठवला, गोठ्यातल्या तुळईचं माप घे आणि फोटो काढ, टोकांचे नीट काढ. त्याने कारण विचारलं नाही. दोन दिवसांनी फोटो आले. लांबी साडेनऊ फूट. एक टोक करवतीने कापलेलं. दुसऱ्या टोकाला कुसू शाबूत, चार बोटं रुंद, आणि त्याच्या भोकात अडकलेली लाकडी खुंटी, तुटलेली, पण अजून आतच. मी फोटो मोठा करून पाहिला. खालची बाजू काळी होती.

आईलाही तो पाठवला. तिने उलट फोन केला आणि म्हणाली, "ही माजघराची. दुसऱ्या खणातली."